ओट्सच्या पाण्यातला धर्मपिता

त्या शनिवारी विल्फ्रिदोने एक साधासा निर्णय घेतला: डॉक्टरीणबाईंचं अक्षरन् अक्षर पाळायचं. (बायकोचं त्याने आजवर ऐकलं होतं, पाळलं नव्हतं.)

कारणही तसंच होतं. अकरा वाजता मेव्हणीच्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि धर्मपिता हा. पण एक्झिमाने मान, कोपरं, मनगटं लालेलाल झालेली. मेव्हणी लुर्देसने बजावूनच ठेवलं होतं, "दाजी, चर्चमध्ये खाजवलंत तर लोक म्हणतील खरूज आहे. एकदा जरी नख लावलंत, तर बाळ फाउस्तोच्या हातात देईन!"

फाउस्तो म्हणजे विल्फ्रिदोचा साडू, थोरल्या मेव्हणीचा नवरा. गावभर तीन धर्मपुत्र, आणि तोरा तीस असल्याचा. त्याच्यापुढे हरायचं? छे!

रिओबांबाच्या थंडीत विल्फ्रिदोने लोकरीचा पोंचो कपाटात कोंबला, वासाचा साबण खिडकीतून भिरकावला, आणि पहाटेच मोठ्या पातेल्यात दळलेले ओट्स भिजत घातले. दहा मिनिटं कोमट ओट्सच्या पाण्यात बसा, धुऊ नका, नुसतं टिपा, लगेच मलम लावा, असं डॉक्टरीणबाईंच्या कागदावर लिहिलं होतं. मग तो सुती सदऱ्याला इस्त्री करायला गेला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. डोन्या हर्मेलिंदा कुणाच्याही घरी जातात त्या थेट स्वयंपाकघरात. पातेलंभर ओट्स पाहून त्या लेकीला म्हणाल्या, "नार्सिसा, पाहुण्यांसाठी पेज भिजवलीस आणि गूळ घालायला विसरलीस? कसं गं व्हायचं तुझं!" नार्सिसा केस विंचरत होती, ती नुसतं "हं" म्हणाली. सासूबाईंनी दोन ढेपा गूळ आणि मूठभर दालचिनी घालून उकळी काढली, निवायला ठेवली आणि टेबलं मांडायला अंगणात गेल्या.

विल्फ्रिदो परतला. पाणी कोमट! 'बायकोने गरम करून ठेवलं. किती जीव आहे माझ्यावर!' त्याचे डोळे भरून आले. दालचिनीचा वास आला, तो त्याने स्वयंपाकघराच्या खाती टाकला. टबात ओतलं, दहा मिनिटं बसला, टिपलं, मलम फासलं. हातांना तेवढं मलम लावलं नाही, न जाणो बाळ निसटायचं.

चर्चमध्ये पहिली माशी मानेवर बसली. मग दुसरी. मग त्यांचं सगळं गणगोत. सदरा पाठीला असा चिकटला की वाकायची सोय नाही. खाज तर विचारू नका! विल्फ्रिदोने तळव्याने मान दाबली, तर तळवा मानेलाच राहिला. फाउस्तो कानाशी कुजबुजला, "जमत नसेल तर दे की इकडे."

"मेलो तरी देणार नाही," विल्फ्रिदो दात आवळून म्हणाला.

बाळ गळा काढून रडत होतं. पाद्रीबाबांचा एक शब्द ऐकू येईना. मग बाळाला विल्फ्रिदोचा अंगठा सापडला. अंगठा तोंडात गेला आणि बाळ चूप! डोक्यावर गार पाणी पडलं तरी चूप. अंगठा झाला, करंगळी झाली, मग तर्जनी. अख्खं चर्च गहिवरलं.

"रक्ताची ओढ म्हणतात ती ही," लुर्देस डोळे पुसत म्हणाली. (रक्ताचं नातं नव्हतं, पण कोण सांगणार?) फाउस्तोचं तोंड एवढंसं झालं. विल्फ्रिदोला त्या क्षणी खाजही आठवली नाही. आपण कुणाला तरी इतके आवडतो, हे त्याला चाळीस वर्षांत प्रथमच कळत होतं.

पुढच्या शनिवारी तो स्वच्छ अंघोळ करून, छाती काढून धर्मपुत्राला भेटायला गेला. या वेळी ओट्स स्वतः दळले, स्वतः गरम केले. सगळ्यांसमोर बाळाला उचललं, ऐटीत अंगठा पुढे केला.

बाळाने चाखला. तोंड वाकडं केलं. आणि असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले.

सासूबाईंनी विणकामातून मानही वर केली नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आज गूळ नाही घातलात वाटतं."