सामाईक भिंतीची मालकी

भिंत दोन घरांची असते, पण भेग नेहमी एकाच घराची असते. हे तत्त्व कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, म्हणूनच ते इतक्या काटेकोरपणे पाळलं जातं.

टोरांटोतल्या एका जुन्या, रांगेतल्या घरात एकट्या राहणाऱ्या डॉरीन पेटिग्रू यांना हे तत्त्व सत्तरी उलटल्यावर कळलं. शेजारच्या ग्रेग हॅलिडेने तळघर खोल करायला काढलं होतं. त्याला खाली सिनेमा बघायचा होता आणि उंचीमुळे त्याचं डोकं छताला लागत होतं. (म्हणजे मूळ दोष निसर्गाचा.) खोदकाम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत डॉरीनबाईंच्या स्वयंपाकघरात छतापासून ओट्यापर्यंत भेग पडली. दार लागेना. भेगेतून ग्रेगच्या घरातला उजेड आत येऊ लागला. त्या उजेडाचे पैसे ग्रेगने मोठ्या मनाने मागितले नाहीत.

तो लगेच धावत आला. "डॉरीन, सॉरी! अगदी मनापासून सॉरी!"

सॉरी म्हणणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, अशी या प्रांतात कायद्यानेच सोय केलेली आहे. त्यामुळे इथली माणसं सढळ हाताने माफी मागतात. डॉरीनबाई तर अशा, की कोणी त्यांच्या पायावर पाय दिला, तर आपला पाय मध्ये आला म्हणून माफी मागणार त्याच.

"अरे नाही, सॉरी मीच म्हणायला हवं," त्या म्हणाल्या. "माझ्या भिंतीमुळे तुझं काम खोळंबलं."

कायद्याने माफी सोडून दिली. 'माझी भिंत' तेवढी ग्रेगच्या वकिलाने उचलली.

यानंतर जबाबदारी निश्चित करण्याची प्रक्रिया सुरू झाली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. ग्रेग म्हणाला, जबाबदारी कंत्राटदाराची. कंत्राटदार लुचानो म्हणाला, खोदणाऱ्याची. खोदणारा म्हणाला, इंजिनिअरची. इंजिनिअर म्हणाला, मातीची. माती काहीच बोलली नाही, त्यामुळे संशय तिच्यावरच राहिला. मग महापालिकेच्या निरीक्षकाने मंजूर नकाशा भेगेशेजारी धरून पाहिला. नकाशात भेग नव्हती. अर्थात ती विनापरवाना होती, आणि तिची नोटीस रीतसर डॉरीनबाईंना मिळाली.

शेवटी विमा कंपनीचा माणूस आला. "भेग आधी नव्हती, असा एखादा फोटो आहे का?"

फोटो होता. त्यात भिंतीपुढे डॉरीनबाईंचा बोका बसला होता.

"नेमका जागेवरच बसलाय हो हा. याच्या मागे काहीही असू शकतं."

"मागे भिंत आहे!"

"असं तुम्ही म्हणता, बाई. बोका कुठे आहे?"

"गेल्या वर्षी गेला तो."

"अरेरे. सॉरी हं." आणि त्याने लिहून घेतलं: एकमेव साक्षीदार हयात नाही.

नोव्हेंबर लागला. भेगेतून वारा घुसायचा आणि बाई हातमोजे घालून सूप प्यायच्या. वरून चुना पडला की त्या वाडगा उचलून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. हे घर गेलं तर त्यांना जायला दुसरं घर नव्हतं.

उपाय एकच होता. पाया बाईंच्या बाजूनेही तितकाच खोल न्यायचा. काम त्यांनी लुचानोलाच दिलं, कारण भिंत त्याच्या ओळखीची होती. खोदकाम झालं आणि भिंत खचायची थांबली. बाईंना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

मग पलीकडच्या बाजूचे शेजारी ऑगुश्तो परेरा आले. दर हिवाळ्यात बाईंच्या दारातला बर्फ न सांगता उपसणारे हे गृहस्थ. हातात फुटलेली फरशी होती.

"डॉरीन, अगं माझी न्हाणी खचतेय. तुझं काम सुरू झाल्यापासून. काय करू गं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तो चेहरा त्या कित्येक दिवस आरशात बघत होत्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"सॉरी, ऑगुश्तो. खरंच सॉरी," त्या म्हणाल्या. "पण तुझ्याकडे आधीचा फोटो आहे का रे?"

इथे काही वाचकांना डॉरीनबाईंचा राग येईल. अशा वाचकांनी आपल्या घरच्या दुरुस्तीचे दिवस आठवावेत. ड्रिल चालू होतं आणि पलीकडून कोणीतरी भिंतीवर ठोकत होतं. ते तुम्हाला चांगलं ऐकू आलं होतं. म्हणून तर तुम्ही रेडिओ मोठा केलात.