सरकोबाशी घासाघीस

सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यावर भटजींशी घासाघीस करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. "महाराज, पाच अध्याय कायले? तीन करा. शिऱ्यात मी काही कमी करत नाही." भटजी तयार होईनात, तेव्हा तिने आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, "तुमचं नको, माझं नको, बीचचं बोला." भटजींनी पाचही अध्याय वाचले, पण इतके भरभर, की मी कापूर शोधतोय तोवर कथा संपलीसुद्धा.

ही आमची द्वारकामावशी. नात्याने मावशी नव्हे, शेजारीण. माझे वडील कागद कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी बहादरपुरात घर बांधलं, ते हिच्या भिंतीला लागून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. केळीची बाग ती एकटीच सांभाळते. मंडीत ती दिसली की व्यापारी आधी चहा मागवतात, कारण लवकर सुटका नाही हे त्यांना ठाऊक असतं. गंमत म्हणजे तिला फायद्याचा मुळीच सोस नाही. भांडून मिळवलेलं ती तिथल्या तिथे कुणाला तरी देऊन टाकते. समोरचा पहिल्याच शब्दाला कबूल झाला, तर मात्र तिचा अख्खा दिवस खराब जातो.

हाच स्वभाव पुढे तिच्या पथ्यावर पडला. तिच्या मांडीत गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून बरेच महिने तिने कुणाला सांगितलंच नाही. चांगली पेरूएवढी झाली तेव्हा एका डॉक्टरला दाखवली. तो म्हणाला, चरबीची गाठ आहे, उद्या या, कापून टाकू. मावशीने सवयीने सुरुवात केली, "उद्या नको, केळीची कटाई आहे. दिवाळीनंतर चालेल?"

"चालेल."

"टाके कमी घालशील?"

"घालतो की."

मावशी तडक उठून माझ्याकडे आली. "इतक्या लवकर हाव म्हणतो?" तिच्या बोलीत 'हाव' म्हणजे 'हो'. " कायतरी गडबड आहे. तू मले मोठ्या दवाखान्यात घेऊन चाल."

मी तिला मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. स्कॅन झाले, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासून झाला. सर्जन मॅडम म्हणाल्या, "आधी कुणाकडून कापून घेतली नाहीत, हे फार बरं केलंत. अर्धवट निघाली असती तर सगळंच अवघड झालं असतं." मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीतला कॅन्सर. मी ते स्पेलिंगसकट लिहून घेतलं. मावशीने मात्र ते 'सरकोबा' असं ऐकलं आणि त्याला म्हसोबा-बिरोबाच्या रांगेत नेऊन बसवलं. "नाव सरकोबा, नि एका जागचा सरकत नाही मेला!"

तिच्या एकटीच्या गाठीसाठी ऑपरेशनवाले, रेडिएशनवाले, औषधांचे, तुकडा तपासणारे असे सगळे डॉक्टर एकत्र बसणार, हे कळल्यावर तर ती खुललीच. "एका मालावर इतके व्यापारी? मग भाव चांगला येईल."

ठरलं ते असं : आधी काही आठवडे रेडिएशन, म्हणजे पेशंटांच्या भाषेत शेक, मग ऑपरेशन. गाठ मुख्य शिरेपासून सुटी असली तर पाय राहील, चिकटलेली असली तर जाईल. मी खाली बघत बसलो. पायाशिवाय ही बाई बागेत कशी फिरणार, एवढंच डोक्यात येत होतं. मावशी खुर्ची पुढे ओढून बसली.

"पुरा पाय नका बोलू. गाठ घ्या, मांडी ठेवा."

"मावशी, गाठीबरोबर भोवतालचं चांगलं मांसही थोडं काढावंच लागतं. नाहीतर ती परत येते."

"म्हणजे कडता!" केळी तोलताना व्यापारी वजनातून काही भाग कापून धरतात, तो कडता. "घ्या मग. पण गुडघा माझा."

"गाठ सुटी असली तर गुडघ्याला हात लावणार नाही. पण एक स्नायू जाईल. थोडं लंगडाल."

"बागेत कोण बघते!"

मी मॅडमची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच मला म्हणाल्या, "विचारू द्या हो त्यांना. काहीच न विचारणाऱ्या पेशंटची मला जास्त काळजी वाटते."

शेकाच्या दिवसांत आम्ही धर्मशाळेत राहिलो. तिथे मावशीला प्रतीक्षा भेटली. नगरकडची, कॉलेजात शिकणारी, आणि उजव्या खांद्यात हाच सरकोबा. पोरगी कुणाशी बोलायची नाही, जेवायची नाही. मावशीने तिच्याशीही घासाघीस सुरू केली. "पुरी पोळी नको खाऊ. अर्धी खा. बरं, पाव खा, पण हसून खा." हळूहळू पोरगी खाऊ लागली, हसू लागली, आणि रोज दुपारी मावशीची वेणी घालू लागली.

शेक संपला, पुन्हा स्कॅन झाले. ऑपरेशनच्या आधी सकाळच्या फेरीत मॅडम मावशीच्या खाटेशी आल्या. "शीर मोकळी आहे, मावशी. पाय राहणार." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मावशीने विचारलं, "आणि त्या पोरीचा हात?"

तो हात खांद्यापासून काढायचं ठरलंय, हे आदल्या दिवशी पोरीच्या आईनेच आम्हाला सांगितलं होतं.

मावशी उठून बसली. मॅडमचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. "मग माझा पाय घ्या. पुरा घ्या, गुडघ्यासकट. तिचा हात ठेवा. या टायमाले बीचचं नाही म्हणत मी."

"असं होत नाही हो, मावशी."

"मग तुमचं बोला. तुम्ही म्हणाल ते हाव."

हात न सोडवता मॅडम खाटेवर बसल्या. मावशीने त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहिली आणि मग ती उशीत तोंड खुपसून रडली.

आता ती बागेत फिरते, जरा लंगडत. डाव्या हाताने जेवायला शिकलेल्या प्रतीक्षाशी रोज संध्याकाळी फोनवर पोळीवरून भांडते. पण कुणी कौतुकाने म्हटलं, "मावशी, पाय वाचवलास, चांगला सौदा केलास," तर तिचा चेहरा उतरतो.

"कशाचा सौदा रे? माझा पाय त्यांनी घेतलाच नाही."