पेट्यांवरचा पेपर

कोर्लाय आजींची कचऱ्याची पेटी एनोराने त्यांना न विचारता पळवली आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. गुरुवार हा कचऱ्याच्या गाडीचा वार. गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे चाकांची एकेक पेटी काठोकाठ भरून उभी होती. एनोराच्या टोळीने भल्या सकाळी सगळी गल्ली साफ केली आणि शाळेच्या दोन्ही फाटकांना पेट्यांच्या भिंती लावल्या. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या बंदराच्या गावात पोरांना सरकारचा राग आला की ती हेच करतात. आईबापांनीही आपापल्या वेळी हेच केलेलं, त्यामुळे घरून कुणी अडवत नाही. फक्त त्यांनी रिकाम्या पेट्या ओढल्या होत्या. या पेट्यांत आदल्या दिवशीच्या माशांची डोकी होती.

राग मात्र खरा होता. तत्त्वज्ञानाचा सक्तीचा तास सगळ्यांना राहणार होता, पण आवडीने शिकणाऱ्यांचा जादा वर्ग पुढच्या वर्षीपासून बंद. पोरं कमी आहेत म्हणे! वर्ग गेला की तो शिकवणाऱ्या केर्द्राओं बाईंची बदली कुठल्या तरी लांबच्या शाळेत. एनोरा शेवटच्या वर्षाला, तिचं स्वतःचं काहीच अडणार नव्हतं. पण ‘मला हे पटत नाही’ असं मान वर करून म्हणायला तिला याच बाईंनी शिकवलं होतं. त्या बाईंना गुपचूप जाऊ द्यायचं, हे तिला अजिबात पटत नव्हतं.

“पण ज्यांना आज शिकायचंय त्यांचं काय?” वर्गातला गुलवेन नाक दाबून म्हणाला. “आणि या पेट्या? कुणाला विचारल्या होत्या का?”

“गुलवेन, तू आमच्या बाजूचा ना रे?”

“आहे. म्हणून तर विचारतोय!”

तेवढ्यात कोर्लाय आजी घरातल्या सपाता घालून तरातरा येताना दिसल्या. “माझी पेटी कोणी आणली?”

“आजी, हे अन्यायाविरुद्ध आहे,” एनोरा म्हणाली.

“अन्याय माझ्यावर झालाय, भवाने! गाडी निघून गेली तर आठवडाभर हा वास कोण घेणार, तू?” पेटी घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून त्या तिथेच फुटपाथवर बसल्या. मागोमाग गाडीही आली. सफाई कामगारांनी पेट्यांची भिंत पाहिली, इंजिन बंद केलं, “संप दिसतोय,” म्हणाले आणि पाव-लोणी काढून निवांत खायला लागले.

फाटकाच्या आतून आता मुख्याध्यापक ओरडू लागले, “एनोरा! पेट्या काढ! शिक्षण खात्याचे दुफ्रेन साहेब रात्री इथेच मुक्कामाला होते, ते आत अडकलेत. त्यांची दुपारची आगगाडी चुकेल!”

“वर्ग बंद करणारे ते दुफ्रेन?”

“तेच गं!”

“मग बसू दे की आत.”

पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांतच केर्द्राओं बाई कागदांचा गठ्ठा घेऊन उगवल्या.

“आज शेवटच्या वर्षाची चाचणी आहे,” बाई म्हणाल्या. “चार तास.”

“बाई, हे सगळं आम्ही तुमच्यासाठीच...”

“माझ्यासाठी असेल तर पेन काढ. झाकणं बरी सपाट दिसतायत.”

बाईंपुढे कुणाची हिंमत? जो तो झाकणावर, पायरीवर, गुडघ्यावर कागद ठेवून बसला. प्रश्न एकच होता: न पटणारा नियम मोडणं हे कधी कर्तव्य ठरतं का? हसू सगळ्यांना आलं, पण हसलं कुणीच नाही. सगळी पोरं माशांच्या वासात खाली मान घालून लिहू लागली.

एनोराची प्रस्तावना संपते न संपते तोच दुफ्रेन साहेब गजांपाशी आले. कपाळावर घाम होता. “ठीक आहे, वर्ग राहू दे! पुढारी कोण तुमच्यात? या, बोलू या.”

“शू!” बाईंनी डोळे वटारले. “परीक्षार्थींशी बोलायला मनाई आहे.”

“अहो, मी तडजोड करतोय!”

“पेपर संपल्यावर करा. नियम तुमच्याच खात्याचा आहे.”

“तोवर माझी गाडी जाईल! आणि गाडी गेली तर मी बंदच्याच हुकमावर सही करणार, सांगून ठेवतो!”

एनोराचं पेन थांबलं. “उठलीस तर पेपर परत मिळणार नाही,” बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “वर्षाच्या गुणांत धरणार आहे मी हा.” पुढच्या शिक्षणाचं सगळं या गुणांवर होतं. तिने बाईंकडे पाहिलं, पेपर त्यांच्या हातात ठेवला आणि फाटकापाशी गेली.

“वर्ग राहील असं सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणा. मगच पेट्या हलतील.”

साहेब म्हणाले. सफाई कामगारांनी ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा पुन्हा म्हणाले. पेट्या हलल्या, कचऱ्याच्या गाडीत रिकाम्या झाल्या आणि साहेब बॅग छातीशी धरून स्टेशनाकडे पळत सुटले.

पुढच्या आठवड्यात पेपर हातात आले. एनोराला वीसपैकी तीन. खाली लाल शाईत एक ओळ: कृती चोख, युक्तिवाद कुठे आहे?

“बाई, हा अन्याय आहे!” एनोरा रडकुंडीला येऊन ओरडली. “तुमच्यासाठी उठले मी!”

“मग?” बाई म्हणाल्या आणि पुढच्या तासाला निघून गेल्या. एनोरा नुसती धुमसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गापाशी आल्या, तर दाराला एक कचऱ्याची पेटी आडवी लावलेली. पेटीपुढे एनोरा हाताची घडी घालून उभी होती. तिने तोच पेपर बाईंपुढे धरला.

बाईंनी पेटीकडे पाहिलं. “ही कोर्लाय आजींची ना? विचारलंस त्यांना?”

एनोरा तोंड उघडणार, तोच पेटीमागून धापा टाकत आजी उभ्या राहिल्या. “विचारलं हो! या वेळी रीतसर येऊन विचारलं. आधीची माफीही मागितली. धुऊन, पुसून मी स्वतः ढकलत आणलीय. आता पोरीचे गुण कसे देत नाही, तेच बघते!” असं म्हणून त्या दारातच फतकल मारून बसल्या.

बाईंनी लाल पेन काढलं, पेपर पेटीच्या झाकणावर ठेवला आणि ‘युक्तिवाद कुठे आहे?’ एवढ्यावर काट मारली. ओळीत उरलं फक्त ‘कृती चोख’.