बोटाची नोंद नाही

जर्मनीच्या श्वाबिया भागातल्या एका लिफ्टच्या कारखान्यात रूडिगर हेबर्ले सव्वीस वर्षं दारांचा प्रोग्राम सांभाळत होते. दार मिटताना मध्ये कुणाचं बोट आलं, तर हातातलं सगळं काम टाकून दार थांबवायचं, एवढ्यासाठी त्यांनी त्यात चौदा ओळींचा एक स्वतंत्र तुकडा, म्हणजे फंक्शन, लिहिलं होतं. चिप बनवणाऱ्यांनी सी या प्रोग्रामच्या भाषेत पदरचा एक शब्द घातला होता. तो फंक्शनच्या कपाळी लावला, की बोटाचा इशारा थेट तिथे पोचत असे.

यंदा कारखान्याने प्रोग्राम तपासणारं महागडं सॉफ्टवेअर आणलं. त्याला फक्त पुस्तकातली शुद्ध सी येत होती. पदरचा शब्द दिसताच ते अडून बसलं आणि अहवाल लाल झाला. अहवाल लाल असला की माल फाटकाबाहेर पडत नाही, आणि सोमवारी तर वृद्धाश्रमाची लिफ्ट रवाना व्हायची होती.

दर्जा विभागाच्या प्रमुख फ्राऊ वाइटब्रेख्ट यांनी नियमाला धरून तोडगा काढला. अनोळखी शब्दांची यादी करायची. यादीतला शब्द सॉफ्टवेअरने कोरी जागा समजायचा. त्याने तसं समजून घेतलं आणि नवी तक्रार नोंदवली: हे फंक्शन अख्ख्या प्रोग्राममध्ये कुणीच बोलावत नाही. निरुपयोगी आहे. काढून टाका.

"बाई, त्याला बोट बोलावतं!" हेबर्ले म्हणाले.

"कितव्या ओळीत?"

"ओळीत कसं असेल? बोट दारात असतं!"

"म्हणजे नोंद नाही." बाईंनी लोणी लावलेल्या ब्रेत्झेल पावाचा तुकडा मोडला. "हेर हेबर्ले, माझ्यावर कशाला चिडताय? अपवादाचा अर्ज आहे ना. बोलावणाऱ्याची सही आणा, लगेच मंजूर करते."

"बोटाची सही?"

"सही जमत नसेल तर ठसा चालेल."

हेबर्ल्यांनी खरोखरच ठसा उमटवला. अर्ज तासाभरात परत आला: ठसा कर्मचाऱ्याचा आहे, प्रवाशाचा नाही. शुक्रवारी दुपारी चौदा ओळी पुसल्या गेल्या, अहवाल हिरवागार झाला आणि विभागाने केक कापला. हेबर्ल्यांनी आपली बशी बाजूला सारली. आश्रमातल्या म्हाताऱ्यांचे थरथरते हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"चला, दाखवतोच तुम्हाला," म्हणत त्यांनी सगळ्यांना नवा प्रोग्राम घातलेल्या चाचणीच्या लिफ्टपाशी नेलं आणि मिटत्या दारात आपली करंगळी घातली.

दार शांतपणे पूर्ण मिटलं. त्यांची किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

"आता तरी पटलं?" डोळ्यांत पाणी आणून त्यांनी विचारलं.

"पटलं ना," बाई हळहळून म्हणाल्या. "पण हे अहवालात कुठे टाकायचं?"

चौकशी त्याच दिवशी उरकली. प्रोग्राम निर्दोष ठरला. करंगळीने विनापरवाना दारात प्रवेश केल्याचं सिद्ध झालं. असा प्रकार पुन्हा अहवालात उमटू नये म्हणून 'बोट' हा शब्दही यादीत गेला. हेबर्ल्यांनी रवानगीच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांचं नावही यादीत त्या शब्दाखाली चढलं. त्यांच्या सहीची जागा आता कोरी समजली जाते.

सोमवारी लिफ्ट वेळेवर गेली.

तुम्ही मात्र निर्धास्त असा. तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही तपासणीचा हिरवा शिक्का आहे. त्याच भरवशावर तर धावत येणाऱ्या शेजाऱ्यासाठी तुम्ही मिटत्या दारात खुशाल हात घालता. तपासणी नेमकी कशाची झाली, हे शिक्क्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. पण ते वाचायला थांबलात, तर दार मिटेल ना.