जोडी येऊ द्या

आमचे शेजारी माणिकअप्पा दर हिवाळ्यात येलदरीच्या जलाशयावर पक्षी मोजायला येतात आणि एकटा पक्षी मोजत नाहीत. एकटं बदक दिसलं की पेन्सिल खाली ठेवतात. "जोडी येऊ द्या."

त्यांच्या किराणा दुकानातही हाच ताप. साबणाची एक वडी मागितली की दोन पुढे सरकवतात. "एकच नेऊन काय करताव?" एक परत सरकवून मी एकच घेतो. मला एकच लागते.

गणनेची बेरीज माझ्याकडे असते. अप्पांच्या काठाचा प्रत्येक आकडा हल्ली सम येतो. पक्षी असे वागत नाहीत. अप्पा वागतात.

आमचा नियम आहे, एका काठावर दोन माणसं: एकानं बघायचं, एकानं लिहायचं. अप्पांसोबत काकू लिहायला असत. त्या गेल्यापासून अप्पांनी दुसरं कुणी घेतलं नाही. शेवटी गणना भरवणारे सर यंदा मला म्हणाले, "तुम्ही सोबत जा. मोजणी बिघडत असेल तर तो काठ दुसऱ्यांना देऊ." मी आनंदानं गेलो. चूक रंगेहाथ पकडायला मला आवडतं.

अप्पांनी दुकानातलं पोतं अंथरलं आणि त्याच्या अर्ध्यावर बसले. जमीन दवानं ओली होती. मी विचारलं नाही, उरलेल्या अर्ध्यावर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

समोर गाळावर एक चक्रवाक उभा होता. नारिंगी, ठसठशीत, एकटा.

"अप्पा, एक."

"थांबा की. दुसरं चरायला गेलंय."

"कुठं?"

"मला इचारून गेलंय का?"

थांबलो. उन्हं वर आली, थर्मासमधला चहा कोमट झाला. तिकडं आम्हाला परत न्यायला आलेला जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. चक्रवाक पिसं साफ करत एकटाच उभा. मी लिहिलं: चक्रवाक, एक.

अप्पा कागदावर वाकले. आता भांडण होणार म्हणून मी नियम मनात घोळवून ठेवले.

"ती बी असंच करायची," अप्पा म्हणाले. "मी दोन म्हणायचो, ती एक लिहायची. वरून म्हणायची, दिसंल तेवढंच लिहावं माणसानं. लय भांडायचो आमी हितं." मग पोतं झटकत म्हणाले, "आता खोडायला कुणी न्हाई. म्हणून मी दोनच लिहायलोय."

जीपपाशी सरांनी मला बाजूला घेतलं. "कसं काय?"

"त्यांना मोजता येत नाही," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

"मग काठ दुसऱ्यांना देऊ?"

"नको. लिहायला मी जाईन. दोन माणसांचा नियम आहे."

संध्याकाळी साबण आणायला गेलो. अप्पांनी दोन वड्या पुढे केल्या. मी एक परत सरकवली. त्यांनी ती पुन्हा माझ्याकडे सरकवली आणि वाट बघत बसले.

मी परत सरकवली.