पाचच्या धुनेचं शेपूट

माझ्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, शेजारच्या शिगेवहिनीने नाही, आणि नगरपालिकेच्या ऑफिसातल्या त्या पाच जणांच्या कमिटीने तर मुळीच नाही. सहावीनंतर शाळेचं तोंड न बघितलेली, बारा महिने बांगडे चिरणारी बाई धून रचते? शक्यच नाही म्हणे. कुठेतरी ऐकली असेल.

कुठे ऐकणार? बांगड्याच्या पोटात?

झालं असं, की आमच्या बंदरात ऑफिसच्या गच्चीवर एक मोठा कर्णा बसवला. धरणी हलली, समुद्र चढला, की त्यातून ओरडायचं आणि सगळ्यांनी टेकडीवरच्या देवळाकडे पळायचं. पण कर्णा चालू आहे की मेला, हे रोज कळायला नको? म्हणून संध्याकाळी पाचला त्यातून धून वाजवायची ठरली. ती ऐकून पोरांनी घरी जायचं. धून गावातल्याच माणसाने रचून द्यावी, असा कागद लागला.

मी मासे वाळत घालताना गुणगुणत होते. समोर यांचा टेपरेकॉर्डर पडलेला. (आमचे हे, तोकुजी, त्यात स्वतःचं गाणं भरतात आणि स्वतःच ऐकतात. दुसरं कोण ऐकणार?) मी बटण दाबलं, गुणगुणले, आणि खवल्यांनी भरलेल्या हातानेच टेप ऑफिसात देऊन आले. एवढंच केलं मी.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. माझी धून निवडली होती! नवा एप्रन बांधून गेले. कमिटीचे प्रमुख कुवाबारा गुरुजी. तीस वर्षं शाळेत पेटी वाजवून निवृत्त झालेले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "टेप तुमच्या यजमानांनी पाठवली का?"

"मी."

"आणि रचना कोणाची?"

"माझीच."

"संगीत कुठे शिकलात?"

"कुठेच नाही."

"सूर लिहिता-वाचता येतात?"

"बांगड्याचा डोळा बघून तो परवा धरला की काल, ते वाचता येतं."

कमिटी हसली. गुरुजी नाही हसले. "बाई, शास्त्र आल्याशिवाय रचना होत नाही. गवंडीकाम न शिकता घर बांधता येईल का?"

"आमच्या वळचणीला पाकोळी दरवर्षी घर बांधते. तिला कोणत्या शाळेत घातली होती?"

गुरुजींनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. गावच्या पत्रकात काय छापणार, ते त्यावर लिहिलं होतं. 'जुनी लोकधून. सुधारणा : कुवाबारा.'

खरं सांगते, बांगडे मी चिरते, मी खारवते, मी वाळवते, आणि खोक्यावर शिक्का यांच्या नावाचा. त्यावरून मी कधी तोंड उघडलं नाही. (घरात उघडलं. बाहेर नाही.) पण ही धून माझी होती. तिच्याशेजारी माझंच नाव पाहिजे होतं : इवाकी फुसाए.

"सुधारणा कसली?" मी विचारलं.

"शेवटचा सूर चुकलाय. धून जिथून निघाली तिथे परत येऊन बसली पाहिजे. तुमची वरच लटकून राहते. नियम आहे हा."

"लटकणारच! पोराला जेवायला हाक मारताना आपण सूर खाली बसवतो का वर चढवतो? घरी पोराने यायचंय गुरुजी, सुराने नाही!"

तीन दिवस भांडले. रोज. शेवटी ऑफिसातले साहेबच दमले. "बरं बाई, तुमची धून, तुमचंच शेपूट. सोमवारी वाजवू. लोकांना पटली तर नाव तुमचं. नाही पटली तर गुरुजी म्हणतील तसं."

झालं! सोमवारपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नाही. बांगड्यांची एक खेप दोनदा खारवली. यांना धून गुणगुणून दाखवली, तर हे वाटी तोंडाला लावूनच म्हणाले, "पुढे?"

"पुढे काय? संपली."

"अगं, असं वाटतंय की जिना उतरतोय आणि शेवटची पायरीच नाही."

"तुम्ही जेवा!"

तोंडाने दटावलं, पण मनात आलं, गुरुजींचं खरं असेल तर?

सोमवारी पावणेपाचलाच अंगणात उभी राहिले. पाच वाजले. वाजली! माझी धून, बंदरावरून पार समोरच्या डोंगरापर्यंत. शेवटचा सूर वर चढला, आणि धून थांबली.

गावही थांबलं. शिगेवहिनी ओला टॉवेल दोरीवर टाकायचा तसाच हातात धरून कर्ण्याकडे बघत राहिल्या. धक्क्यावरची पोरं पुढचं ऐकायला जागच्या जागी खिळली. धुनेबरोबर रडणारी कुत्री रडतच राहिली, कारण संपलं हे त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

"वहिनी, संपली हो," मी म्हटलं.

"संपते कसली? मध्येच तुटली. वीज गेली वाटतं."

"वीज नाही गेली, धूनच तेवढी आहे!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

तेवढ्यात धक्क्यावरून कोणीतरी ओरडलं, "कर्णा बंद पडला! काहीतरी झालंय! पळा!"

झालं! शिगेवहिनी भाताचं पातेलं घेऊन सुटल्या. कोणी देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या छातीशी धरल्या, कोणी सासूला पाठीवर घेतलं. आमचे हे टेपरेकॉर्डर बगलेत मारून माझ्या पुढे निघून गेले. (मला नाही हो घेतलं. टेपरेकॉर्डर घेतला.) मी मागून बोंबलतेय, "अहो, काही झालं नाही! तिचा शेवटच तसा आहे!"

"आधी पळा, मग बोला!"

अख्खं गाव धापा टाकत देवळात. खाली समुद्र बशीत ओतलेल्या चहासारखा गप्प. लोकांनी समुद्राकडे बघितलं, मग एकमेकांकडे. मग कोणीतरी विचारलं, "ही धून केली कोणी?"

समोर कुवाबारा गुरुजी, एका पायात चप्पल. मी बोट दाखवलं. "यांनी! सुधारणा यांचीच!"

"छे छे!" गुरुजी ताठ झाले. "सबंध रचना या बाईंची. माझा त्यात एक सूरही नाही."

"मग जुनी लोकधून असेल," मी म्हटलं. "माझ्या आईच्या गावाकडची. मी आपली कुठेतरी ऐकली."

"काहीतरीच काय!" आमचे हे मध्ये पडले. तीस वर्षांच्या संसारात माझी बाजू घ्यायला यांना हाच मुहूर्त सापडला. "हिचीच आहे. ऑफिसातून टेप परत आणलीय मी." आणि बटण दाबलं. गावाने माझं गुणगुणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आणि शेवटी माझाच आवाज : "अहो, मीठ कुठे ठेवलंत?"

आता सगळ्यांचा विश्वास बसला.

खालून कर्णा खरखरला. साहेबांचा आवाज आला. "गावकऱ्यांनो, संकट काही नाही. कर्णा व्यवस्थित आहे. धून तेवढीच होती. उद्यापासून नुसता भोंगा वाजेल. सदर धुनेची रचना," इथे कागद उलटल्याचा आवाज आला, आणि मी देवासमोर हात जोडले, "शेवटच्या सुरासकट, कोणाचीही मदत न घेता करणाऱ्या : इवाकी फुसाए."