तडा दिसता कामा नये

“मदत म्हणे! माझ्या घराला! उद्या माझ्या हातात वाडगं द्या आणि चौकात बसवा!”

सासरे, म्हणजे आमचे बाबा, मोज्यात पाय घालता घालता पुटपुटत होते. मी शेजारीच केर काढत होते आणि काहीच ऐकू आलं नाही असा चेहरा करून होते. हे घर त्यांनी स्वतः बांधलेलं. जन्मभर मुकादमकी केली, आठवडाभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची. त्यामुळे आमच्याकडे ‘तडा’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘रेघ’ म्हणतो. छताचा पोपडा पडला तर ‘धूळ आली’ म्हणतो. मागे एकदा ताटलीएवढा पोपडा थेट बाबांच्या उशीवर पडला. ते नेमके अंघोळीला गेले होते म्हणून वाचले! तेव्हासुद्धा आम्ही एकमेकांकडे बघून म्हणालो, “यंदा धूळ फार!”

त्याच आठवड्यात मी अर्ज केला. जुन्या घरांच्या दुरुस्तीला सरकारी अर्थसाहाय्य मिळतं. इंजिनिअर मॅडम येणार, घराची अवस्था बघणार, तिला पटलं की बाबांच्या खोलीला नवं छत. किती सोपं! आणि घरी आलेल्या माणसाचं आगतस्वागत करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. माझ्या घरात येऊन नावं ठेवून गेलेला माणूस अजून जन्मायचाय!

तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

कुणी येणार म्हटलं की माझे हात डोक्याला विचारत नाहीत. ओल आलेल्या भिंतीवर मी ह्यांना रंगाचा हात मारायला लावला. बैठकीतल्या रेघेपुढे कपाट सरकवलं. खचलेल्या फरशीवर सतरंजी, सतरंजीवर टेबल, टेबलावर फुलदाणी.

“अगं, पण तिला हेच दाखवायचंय ना?” हे ब्रश हातात धरून म्हणाले.

“दाखवू की! पण आधी आवरून तर घेऊ. असं उघडंवाघडं दाखवायचं का घर?”

“बरोबर,” हे म्हणाले. हे ‘बरोबर’ म्हणाले की माझं काहीतरी हमखास चुकलेलं असतं. पण तेव्हा कुठलं सुचायला!

बेल वाजली. दारात तरुण इंजिनिअर, खांद्याला पिशवी, हातात लहानशी हातोडी. आणि तिच्या मागे, पाकिटाला तिकीट चिकटावं तशा, शेजारच्या वहिनी! त्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, “ह्यांच्या ऑफिसातल्या मॅडम चहाला यायच्यात.” मग काय सांगणार होते? आम्ही मदत मागतोय म्हणून?

इंजिनिअरनं चहाला नको म्हटलं आणि भिंतीला कान लावला. ठक. ठक ठक.

“चहाला आलेल्या बाई भिंत का वाजवतायत हो?” वहिनी माझ्या कानात.

“एकेकाला सवय असते.”

“भिंत तर छान दिसतेय,” इंजिनिअर म्हणाली. “रंगही ताजा आहे.”

“छान म्हणजे! अहो, आमच्या गॅलरीचा कठडा निखळला ना, तेव्हा ह्याच मला म्हणाल्या, घराकडे लक्ष दिलं की घर टिकतं. आम्ही पडलो निष्काळजी!”

वहिनींना टोमणा मारायचा नव्हता, हेच तर वाईट. मी ट्रेवरच्या नक्षीचा अभ्यास करू लागले.

इंजिनिअरनं पेन काढलं. “घर सुस्थितीत आहे. मदतीची गरज दिसत नाही.”

“कसली मदत?” वहिनींनी कान टवकारले.

“ती... कपबशा उचलायला!” मी म्हणाले.

गेलं बाबांचं छत! मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, कपाट सरकवा. हे साखर घेऊन आले. मी पुन्हा खुणावलं. ह्यांनी फुलदाणी पुसली. तिसऱ्यांदा खुणावलं तेव्हा इंजिनिअरनंच काळजीनं विचारलं, “तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?”

“मॅडम, अजून एक खोली राहिलीय,” मी कशीबशी म्हणाले.

बाबांच्या खोलीत मी सगळ्यांत जास्त आवरलं होतं! छताखाली चारही कोपऱ्यांना खिळे ठोकून फुलाफुलांची चादर ताणून बांधली होती. सकाळी ती सपाट होती. आता मधोमध अशी फुगली होती, जणू झोळीत कुणी अंगाचं मुटकुळं करून झोपलंय.

“अगंबाई, किती कलात्मक!” वहिनी म्हणाल्या.

इंजिनिअरनं आम्हाला दाराकडे सारलं आणि हातोडीच्या दांड्यानं त्या फुगवट्याला अलगद ढोसलं.

खिळा सुटला. चादर, सिमेंट, खडी, गंजलेल्या सळईचा तुकडा, सगळं धाडदिशी बाबांच्या पलंगावर आलं! वर उघड्या सळया दिसायला लागल्या. वहिनी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

“धूळ आली,” ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

कुणीच हसलं नाही. इंजिनिअरनं चष्मा काढून पुसला. “इथं कोण झोपतं?”

“कुणी नाही हो, सामान असतं,” मी म्हणाले. पलंगावर, त्या ढिगाखाली, इस्त्री केलेल्या अभ्र्यातली बाबांची उशी होती. इस्त्री मीच केली होती.

“म्हणजे... कधीमधी पाहुणे,” हे म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मला वाटलं, ती फाटकी चादर उचलावी आणि डोक्यावरून घ्यावी. घर नीटनेटकं दिसावं म्हणून मी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर खडी टांगून ठेवली होती, तीसुद्धा फुलाफुलांच्या चादरीत!

मागून कुणीतरी घसा खाकरला. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी वरच्या सळयांकडे बघितलं, मग माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडेही नाही, थेट त्या इंजिनिअर मुलीकडे.

“मी झोपतो इथं,” ते म्हणाले. “छत मीच घातलंय, पोरी. पण त्याच्याखाली आडवं व्हायची मला भीती वाटते.”